दर्शनी दार : गणेशखिंडीच्या राजभवनापासून मुळशीच्या टेकडीपर्यंत

(पौड येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची पहिली शाळा देवळाच्या सभामंडपात भरत असे. मुळशी तालुक्याच्या या खोऱ्यांत शिक्षण आलं ते असंच, दुसऱ्या कशासाठी तरी बांधलेल्या छपराखाली. म्हणून आजच्या विषयासाठी मी वास्तूंचा एक खास वर्ग निवडला आहे. राहण्यासाठी, मिरवण्यासाठी, सत्ता गाजवण्यासाठी बांधलेली आणि पुढे विद्येच्या हाती आलेली घरं. अशा घराची शाळा नेमकी कधी होते? बाकं मांडली, फळा लावला, पाटी बदलली, एवढ्याने होते का? माझं म्हणणं असं की होत नाही. पूर्वी ज्याला त्या घरात मागच्या दारानेही मुश्किलीने प्रवेश होता, तो दर्शनी दाराने आत येतो आणि त्याच्या गावचा इतिहास आतल्या भिंतींना ऐकवतो, त्या दिवशी घराची शाळा होते. हे म्हणणं मी इंग्लंड, पुण्याची गणेशखिंड आणि आपली मुळशी या तीन ठिकाणांच्या आधारे मांडणार आहे.

आधी इंग्लंडकडे पाहू, कारण गणेशखिंडीच्या राजभवनाचा नमुना तिथून आला. शेकडो एकरांच्या जमीनदारीच्या मध्यभागी उभं असलेलं मोठं घर ही इंग्लंडच्या ग्रामीण भागातली शतकानुशतकांची सत्ता होती. फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता मुद्दाम वळणावळणाचा असे. पाहुण्याला झाडांआडून घर थोडं थोडं दिसावं आणि शेवटी एकदम समोर उभं ठाकावं, अशी ती योजना. आतली रचना त्याहून बोलकी होती. रॉबर्ट कर नावाच्या वास्तुविशारदाने १८६४ साली सद्गृहस्थाचं घर कसं असावं यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातलं मुख्य तत्त्व खासगीपणाचं. मालकाच्या कुटुंबाचा वावर नोकरांच्या नजरेस पडू नये आणि नोकरांचा वावर मालकांच्या. त्यासाठी जिने दोन, वाटा दोन, दारं दोन. पाणी तापवणारी, कोळसा वाहणारी, भांडी घासणारी माणसं त्याच छपराखाली राहत. मात्र नकाशाच असा काढलेला असे की ती दिसू नयेत. ‘आपली जागा ओळखून राहा’ हा उपदेश तिथे दगडविटांत बांधून काढलेला होता.

ही घरं शाळांकडे का आली? १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य येऊ लागलं, इंग्लंडमधले शेतजमिनीचे खंड घसरले. १८९४ साली अर्थमंत्री विल्यम हारकोर्ट यांनी वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर नवा मृत्युकर बसवला. पहिल्या महायुद्धात घराण्याघराण्यांतले वारस मारले गेले, काही घरांवर लागोपाठ दोनदा कर भरण्याची पाळी आली. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं जमीनदोस्त झाली. वाचली त्यांतली बरीच शाळा किंवा रुग्णालय झाली म्हणून वाचली.

बकिंगहॅमशरमधलं स्टो हे त्यांतलं सर्वांत भव्य उदाहरण. तिथली देवळं, तळी आणि हिरवळी आखताना विल्यम केंट आणि ‘केपेबिलिटी’ ब्राऊन यांनी बागेची कलाच बदलून टाकली. १८४८ साली तिथल्या ड्यूकचं दिवाळं निघालं आणि घरातल्या सामानाचा लिलाव चाळीस दिवस चालला. पुढे १९२१ साली खुद्द घरच विकायला निघालं आणि १९२३ साली तिथे मुलांची शाळा सुरू झाली. पहिले मुख्याध्यापक रॉक्सबरो यांची श्रद्धा होती की सुंदर जागेत राहणारं मूल सौंदर्य आपोआप ओळखू लागतं. ही श्रद्धा खोटी नाही. तरीही ती शाळा शुल्क भरू शकणाऱ्या घरांतल्या मुलांचीच राहिली. घराचा मालक बदलला, घराचा वर्ग फारसा बदलला नाही.

ही सालं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे त्याच सालांत काय घडत होतं ते आता सांगायचं आहे.

१८४८. स्टोमध्ये लिलाव झाला त्या वर्षाच्या आरंभी पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. एका खासगी घराची शाळा झाली, आणि तीही ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांच्यासाठी. सावित्रीबाई रस्त्याने जाताना त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला गेला. त्या वाड्याला ना मनोरा होता ना हिरवळ. मात्र मी सुरुवातीला सांगितलेली कसोटी त्याने पहिल्याच दिवशी पूर्ण केली. पुढे १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेही मोरोबादादांच्या वाड्यातच. पेशवाईतल्या मुत्सद्द्यांचे चौक रिकामे पडले होते. जिथे खलबतं चालत तिथे भूमिती आणि संस्कृत शिकवलं जाऊ लागलं. वाड्याची शाळा ही आपली स्वतःची परंपरा आहे. ती इंग्रजांकडून उसनी घ्यावी लागली नाही.

१८६४. करचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी पुण्याच्या वायव्येला, गणेशखिंडीपलीकडच्या माळावर, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी नव्या निवासाचं काम सुरू झालं. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. त्यापूर्वी पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम मुळेकाठी दापोडीला असे. गव्हर्नरचं वर्षच ऋतूंनी वाटलेलं होतं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसात पुणे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा खेळत होता, आणि फ्रिअर मुंबईचा तट पाडून नवं शहर उभारण्याच्या उत्साहात होते. त्या शहराच्या आराखड्यावर काम करणारे वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ यांनीच गणेशखिंडीचं राजभवन आखलं. १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला, सावकार आणि बँका बुडाल्या. राजभवनाचं काम मात्र चालू राहिलं आणि १८७१ साली पुरं झालं. त्याच्या खर्चावरून थेट लंडनपर्यंत टीका झाली.

इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे, पण एकदा शांतपणे पाहा. दगड आपलाच, सह्याद्रीचा काळा-करडा बेसाल्ट. रूप मात्र इटालियन वळणाचं. महाराणी व्हिक्टोरियाने वाइट बेटावर बांधलेल्या ऑस्बोर्न हाउसची आठवण करून देणारा उंच चौकोनी मनोरा, त्याच्या पायाशी कमानींच्या ओळी, दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली दालनं. इंग्लंडमधलं मोठं घर ऊन आत यावं म्हणून खिडक्या मोठ्या ठेवतं, इथे ऊन आणि पाऊस बाहेर राहावा म्हणून कमानींच्या ओवऱ्या पुढे काढल्या आहेत. नकाशा आयात केलेला, पण हवेने त्याला थोडं वाकवलं. एका बाजूला मेजवान्यांची आणि नृत्याची दालनं, दुसऱ्या बाजूला राहण्याच्या खोल्या. भोवती विस्तीर्ण बाग. जवळच १८७३ च्या सुमारास वनस्पतिउद्यान उभं राहिलं आणि तिथे जगभरची झाडं रुजवून पाहिली गेली. फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्याची नाटकी योजनाही इंग्लंडसारखीच.

याच रस्त्यावर २२ जून १८९७ ची रात्र घडली. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेग कमिशनर वॉल्टर रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर पेठांतल्या घरांत शिरत. माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांतलं काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी होत्या, सामानाची होळी होत होती. आणि त्याच जूनमध्ये राजभवनात महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. दिव्यांनी उजळलेल्या घरातून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकर यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. या घटनेचा राजकीय अर्थ आपण नेहमी सांगतो. वास्तूच्या अंगानेही तिच्याकडे पाहायला हवं. ज्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या घरात खासगीपणाला वास्तुशास्त्राचं पहिलं तत्त्व मानलं, त्यांनी पुण्याच्या घरांचा उंबरा मानला नाही. उंबऱ्याचा हा अपमान त्या रात्रीच्या मुळाशी होता.

१८९४. इंग्लंडमध्ये मृत्युकराने बड्या जमीनदारांची घरं सैल होऊ लागली, त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने भूसंपादनाचा कायदा केला. सार्वजनिक कामासाठी सरकार कोणाचीही जमीन घेऊ शकेल, कंपनीसाठीसुद्धा घेऊ शकेल, अशी तरतूद त्यात होती. त्या कायद्याचा सर्वांत जड घाव ज्या मुलुखावर पडला तो हा आपला मुलूख. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी पश्चिमेकडे भिऱ्याला खाली सोडायचं आणि मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची, ही टाटा कंपनीची योजना. भाताची उत्तम खाचरं आणि पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांचं. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे खोऱ्यात ठाण मांडून राहिले. बायका धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. धरण झालंच. स्टो विकायला निघालं तेही १९२१. एका देशात मोठ्या घराला गिऱ्हाईक शोधलं जात होतं, आणि इथे लहान घरांना तेवढाही मान न देता उठवलं जात होतं. भूसंपादनाचे ते निर्णय ज्या मुंबई सरकारने केले, त्याचा पावसाळी मुक्काम गणेशखिंडीला असे. मुळशी आणि गणेशखिंड यांचं नातं हे असं आहे. एका घराच्या खिडकीतून दिसणारा पाऊस आणि त्या पावसाचं पाणी अडवण्यासाठी गेलेलं दुसऱ्याचं घर.

म्हणून १९४९ हे साल मला मोठं वाटतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हे राजभवन मोडायचा किंवा नव्या सत्ताधाऱ्यांनी तिथेच राहायला जायचा मोह झाला असता तर नवल नव्हतं. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ते विद्यापीठाला दिलं. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ साली झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झालं, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. परिसर चारशे एकरांहून मोठा. आरंभी अठरा महाविद्यालयं विद्यापीठाला जोडलेली होती. ज्या हिरवळीवर बँड वाजत असे तिथून पीएच.डी.चे विद्यार्थी ग्रंथालयाकडे जाऊ लागले. घोड्यांच्या पागा, नोकरांची घरं, बंगले यांत हळूहळू विभाग बसले. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. भिडे वाड्यात शिकवणाऱ्या बाईंचं नाव गव्हर्नरच्या मनोऱ्यावर आलं. आपल्या इतिहासात एवढा सरळ न्याय फार थोड्या ठिकाणी झाला आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

काहीजण म्हणतात, परक्या सत्तेची ही खूण जपायची कशाला? मी म्हणतो, जपायचीच. ती मोडली तर सत्ता कशी दिसत होती हे मुलांना दाखवायला काही उरणार नाही. आणि तो दगड आपल्या डोंगराचा आहे, तो घडवणारे हात आपल्या पाथरवटांचे आहेत. ट्रबशॉंचं नाव कागदावर राहिलं, पाथरवटांचं राहिलं नाही. ते घर जेवढं गव्हर्नरचं तेवढंच त्यांचं.

आता मुळशीकडे येऊ. युरोपातलं एक वळण घेऊन, कारण आपल्या टेकडीवरच्या शाळेची पणजी वेल्समधल्या एका किल्ल्यात आहे. कुर्ट हान हे जर्मन ज्यू शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९२० साली झालेम इथे एका राजवाड्यात शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ साली त्यांना अटक झाली, मग ते ब्रिटनला गेले आणि १९३४ साली स्कॉटलंडमधल्या गॉर्डनस्टन या जुन्या जमीनदारी घरात दुसरी शाळा उभी केली. महायुद्धानंतर त्यांना वाटू लागलं की निरनिराळ्या देशांची मुलं तरुणपणीच एकत्र शिकली, राबली, तर उद्याची युद्धं टळतील. त्यातून १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. हा किल्ला १९२५ साली अमेरिकन वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी घेतला होता. त्यांनी विल्टशरमधल्या एका मध्ययुगीन मठाचा काही भाग उचलून आणून त्याचं छत इथल्या दालनाला बसवलं आणि त्यावरून मोठा निषेध झाला. एवढं करून ते तिथे फार थोडे दिवस राहिले. पुढे आंतोनँ बेस यांनी किल्ला विकत घेऊन शाळेला दिला. हान यांनी मुलांना समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचं काम दिलं. त्या कामातून तिथे फुगवलेल्या कडांची बचावनौका तयार झाली, ती पुढे ब्रिटनच्या बचावसेवेने स्वीकारली. श्रीमंताची हौस म्हणून सजवलेल्या किल्ल्यातून कोळ्यांचे जीव वाचवणारी नाव बाहेर पडली. घराचं रूपांतर म्हणतात ते हे.

अटलांटिक कॉलेजातून वाढलेल्या चळवळीचं भारतातलं महाविद्यालय १९९७ साली आपल्या तालुक्यात खुबवलीजवळच्या टेकडीवर उभं राहिलं. महिंद्र घराण्याच्या पुढाकाराने झालेलं युनायटेड वर्ल्ड कॉलेज. इथे जुना राजवाडा नव्हता. नवं बांधायचं होतं आणि ते काम वास्तुविशारद क्रिस्तोफर बेनिंजर यांच्याकडे आलं. ते अमेरिकेत शिकले, अहमदाबादेत त्यांनी नियोजनाचं शिक्षण सुरू केलं, १९७६ साली पुण्यात विकास अभ्यासाची संस्था काढली, तिचा दगडी परिसर बावधनला आहे. २०२४ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी या मातीला दिला.

त्यांनी टेकडीवर काय केलं? एक मोठा मनोरा आणि समोर हिरवळ, असा सोपा मार्ग घेतला नाही. टेकडीच्या उताराला धरून लहान लहान इमारती बसवल्या, गाव वसावं तशा. जाड बेसाल्टच्या भिंती, डोंगरातूनच वर आल्यासारख्या, वर उतरती छपरं, मधे चौक, चौकांना जोडणाऱ्या पायवाटा. आत येण्याच्या जागेला महाद्वार म्हणतात. मुलं राहतात त्या घरांच्या समूहांना वाडे म्हणतात. पावसाचे चार महिने डोंगरात ढग उतरतात तेव्हा माणूस भिजत, ओवरीतून ओवरीत जात वर्गात पोचतो, आणि समोर मुळशीचं खोरं दिसत राहतं. २००० साली या कामाला अमेरिकेतला वास्तुरचनेचा मानाचा पुरस्कार मिळाला. गणेशखिंडीत दगड आपला आणि नकाशा परका होता. इथे दगड आपला आणि नकाशाही वाड्याच्या चौकातून, गावच्या गल्लीतून आलेला. मागचा जिना आणि पुढचा जिना हा भेद या रचनेत मुळातच नाही. करच्या ग्रंथाला दिलेलं इतकं ठाम उत्तर मी दुसऱ्या कोणत्या वास्तूत पाहिलेलं नाही.

मग कसोटी पूर्ण झाली का? वास्तूने आपलं काम केलं. उरलेलं काम माणसांचं आहे. देशोदेशीची सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं दोन वर्षं इथे राहतात, त्यांतल्या अनेकांना शिष्यवृत्ती असते, गावांत जाऊन काम करणं त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो. खुबवलीचं, पौडचं, धरणकाठच्या वस्तीचं मूलही त्या महाद्वारातून विद्यार्थी म्हणून आत जायला हवं. आणि खोऱ्यात बसून जगाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मुलाला समोर दिसणाऱ्या पाण्याखाली कोणाची खाचरं आहेत, हे माहीत असायला हवं. मोठ्या धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी एक त्याच्याच खिडकीसमोर झाला आहे.

म्हणून शेवटी तीन मागण्या मांडतो. पहिली विद्यापीठाकडे. मुख्य इमारतीत आज कारभार चालतो. तिथलं निदान एखादं मोठं दालन वर्षाचे काही दिवस जिल्ह्यातल्या शाळांना उघडं करा आणि तिथे राजभवनासोबत प्लेगची, चापेकरांची आणि पाथरवटांची गोष्टही मांडा. दुसरी मागणी टेकडीवरच्या महाविद्यालयाकडे आणि तालुक्यातल्या प्रत्येक निवासी शाळेकडे. मुळशी सत्याग्रह अभ्यासक्रमात घ्या आणि दरवर्षी रामनवमीच्या सुमारास खोऱ्यातल्या मुलांबरोबर मिळून तो शिकवा. तिसरी मागणी आपल्याकडे. उठवल्या गेलेल्या घरांच्या आठवणी सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी आजी-आजोबांकडून त्या घरांचे नकाशे काढून घ्यावेत. सोपा कुठे होता, माजघर कुठे, गोठा कुठे, चूल कुठल्या कोपऱ्यात होती. हान यांच्या मुलांनी नाव बांधली तशी आपली मुलं हे बांधतील. शिक्षकांनो, या जूनमध्ये शाळा उघडताच हे काम सुरू करा. लागेल ती कागद-पेन्सिलीची आणि छपाईची जबाबदारी या व्याख्यानमालेने उचलावी, अशी मी अध्यक्षांना जाहीर विनंती करतो आणि त्यात माझा वाटा आजच देतो.